माळाचे मोल आणि माळाची राखण

माउली, आमच्या माळशिरसहून नीरा ओलांडली की इंदापूर तालुका. तिथल्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, लांडगा, खोकड, तरस यांची वस्ती आहे. तिथे आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनखात्याने माळरान सफारी सुरू केली. आधी नोंदणी, मग पैसे, मग गाडीतून फेरी. सोबत गावचाच वाटाड्या. एका माळकऱ्याने मला विचारले, "महाराज, देवाच्या माळाला तिकीट कसले?"

कीर्तनाचे मोल घेऊ नये, ही तुकोबांची शिकवण. जिथे कीर्तन तिथले अन्नही नको, इतका कडक नियम. तरी समईचे तेल, मंडप, पंगत यांचा खर्च गाव वर्गणीने करतेच. मोल वेगळे, राखण वेगळी. माळालाही राखण लागते. वणवा पसरू नये म्हणून जाळपट्टे काढावे लागतात, उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात. इंग्रजांच्या कागदात हा माळ 'पडीक' ठरला आणि ते नाव अजून पुसलेले नाही, ही आणखी एक अडचण.

आता बघा, लांडग्याने मेंढी नेली तर नुकसान मेंढपाळाचे आणि लांडगा पाहण्याचा आनंद शहरातून गाडी घेऊन आलेल्याचा. मग गाडीवाल्याने पैसे द्यावेत, यात मला अधर्म दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मेंढरे राखणाऱ्याकडून मात्र छदामही मागू नये.

कोणी म्हणेल, तिकिटाने गर्दी आटोक्यात राहते. साताऱ्याचे कास पठार 2012 साली जागतिक वारशात गेले, लोक लोटले, फुले तुडवली गेली. तिथे शुल्क आले, तशी रोजच्या माणसांची मर्यादाही आली. मला मर्यादा पटते. पैशाच्या चाळणीतून फक्त गरीब गळतो. पंढरीच्या दर्शनबारीत आपण रात्र-रात्र उभे राहतो, ते पुढचा आधी आला म्हणून. त्याचा खिसा जड म्हणून नव्हे. माळावरही तसेच असावे: संख्या ठरलेली, पायी येणारा आणि शाळेची पोरे फुकट, गाडीला आकार.

फुकटाची किंमत राहत नाही, हा आक्षेप उरतोच. पालखी पुढे गेल्यावर आपल्याच मुक्कामी पत्रावळ्या आणि प्लास्टिक किती पडते, ते वारीत चालणाऱ्याला सांगायला नको. म्हणून फुकट जाणाऱ्याने घटकाभर कचरा वेचावा. ही सेवा आपल्याला नवी नाही.

आणि वनखात्याने फाटकावर पाटी लावावी: जमले किती, पाणवठ्याला किती, वाटाड्याला किती, आणि ज्याची मेंढी गेली त्याला किती.