उत्कंठा आणि स्वभावपरिपोष

कादंबरीतील उत्कंठा ही हलक्या प्रतीची वस्तू आणि स्वभावपरिपोष तेवढा वरच्या प्रतीचा, असा समज आपल्याकडील सुशिक्षितांत फार दिवस रूढ आहे. पहिली पोरासोरांसाठी व दुसरा जाणत्यांसाठी, अशी वाटणीही होऊन गेली आहे. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. आणि जिच्या आधाराने ती अमान्य करावयाची ती कादंबरी पोरासोरांसाठीच लिहिलेली आहे, हे एका परीने बरेच झाले.

लोइस लौरी ह्या अमेरिकन लेखिकेची 'द गिव्हर' ही कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. रामराज्याचा आव आणणारे, पण आतून माणूसपण गिळून बसलेले असे जे राज्य, ज्यास इंग्रजीत 'डिस्टोपिया' म्हणतात, त्याची ही कथा. तेथे भूक नाही, युद्ध नाही. रंग नाहीत आणि पूर्वस्मृतीही नाहीत. मुलाने कोणता व्यवसाय धरावा, कोणी कोणाशी संसार करावा, हे वडीलमंडळी ठरवितात. बारा वर्षांच्या जोनासवर गतकाळाच्या स्मृती सांभाळण्याचे काम येते व त्याच्या हाती नियमांचा एक कागद पडतो. शेवटचा नियम असा, की तुला खोटे बोलण्याची मुभा आहे. तत्क्षणी त्याच्या मनात येते, असाच कागद इतरांच्याही हाती पडला असेल तर? येथे वाचकाचा श्वास अडकतो खरा. पण त्याच क्षणी तो मुलगा वाढलेलाही असतो. उत्कंठा कोठे संपली आणि परिपोष कोठे सुरू झाला, हे कोणी सुईच्या अग्राने दाखवून द्यावे!

पुढे आपला पिता जुळ्यांपैकी वजनास कमी भरलेल्या अर्भकाचा प्राण घेत असल्याचे जोनास पडद्यावर पाहतो. पिता दुष्ट नाही. बाळाशी लाडे लाडे बोलतच तो सुई टोचतो. ज्यास निवड करण्याची संधीच कधी मिळाली नाही, त्यास अपराधी म्हणावे काय? आमच्या मते, त्यास अपराधी म्हणता येत नसेल, तर त्याच्या आजवरच्या सौजन्यास सद्गुणही म्हणता येणार नाही. जोनास मात्र आता जाणतो. म्हणून त्यास सुटका नाही. घरी सांभाळावयास आणलेल्या गेब्रिएलवर हाच प्रसंग ओढवणार असे कळताच तो त्या बाळास घेऊन रात्रीच पळून जातो. अखेरीस बर्फाची उतरण, घसरगाडी, दूरवर दिवे. दोघे वाचले की नाही, हे लेखिका सांगत नाही. पुढील पुस्तकांत तिने ते सांगून टाकले. न सांगती तरी आमचे काही अडले नसते. हा मुलगा काय करील, एवढेच आम्हांस पाहावयाचे होते, आणि ते केव्हाच घडून गेले होते.

आमच्या किनाऱ्यावरील एक हकीकत येथे आठवते. अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ साली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालला. शेत पडीक टाकणे म्हणजे घरची चूल आपल्याच हाताने थंड करणे. शेवट आम्हांस पुरता ठाऊक आहे, तरीही ती हकीकत ऐकताना जीव टांगणीस लागतो. कारण ती अनिश्चितता ऐकणाराची नव्हेच. पहिल्या पावसात बांधावर उभ्या राहिलेल्या कुळास १९३९ साल दिसत नव्हते. त्यास दिसत होते ते ओले शेत आणि घरातील लहान तोंडे.

सुझन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' (२००८) ही गाजलेली कादंबरी ह्याच कसोटीवर आम्ही पुन्हा वाचून पाहिली. धाकट्या बहिणीऐवजी कॅटनिस मरणाच्या खेळासाठी स्वतः पुढे होते, तो प्रसंग दुसऱ्या वाचनातही तितकाच जळजळीत वाटला. रिंगणातील पाठलाग व सापळे मात्र एकदा कळले की शिळे होतात. कित्येक पाने आम्ही नुसती चाळली. मग ती आणि पीटा विषारी फळे ओठांशी नेतात, आणि चाळणारा हात आपोआप थांबतो.