एकाच घरावरचे अनेक धोके

भूकंपाचा नकाशा वेगळा, पुराचा वेगळा, दुष्काळाचा वेगळा. प्रत्येकाचे खाते निराळे, तज्ज्ञ निराळे, निधीही निराळा. गावातल्या माणसाला मात्र घर एकच असते आणि हे सगळे धोके त्याच घरावर येतात.

नकाशांच्या कामासाठी लातूर जिल्ह्यात फिरताना हे मला फार जाणवले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. बहुतेकांचा जीव घेतला तो घरांनीच. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे माळवद आणि वर्षानुवर्षे त्यावर चढत गेलेले नवे थर. पण ही बांधणी अडाणीपणाची नव्हती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हेच माळवद घर गार ठेवते. दरवर्षी येणाऱ्या उन्हाचा बंदोबस्त लोकांनी केला होता. भूकंप मात्र कुणाच्या आठवणीत नव्हता.

पुनर्वसनात भूकंपाला टिकणारी घरे झाली, ती व्हायलाच हवी होती. पण उन्हाळ्यात ती किती तापतात, हे तिथल्या बायका आजही सांगतात. पाण्याचे दुर्भिक्षही याच जिल्ह्यात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. भूकंप, ऊन आणि तहान यांचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय तिथे चांगले घर बांधता येणार नाही.

कोकणात तर संकटे एकमेकांना बळ देतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच वेळी महाड शहर सावित्रीच्या पुरात होते, वाटा बंद होत्या, म्हणून मदतीला पोहोचायला उशीर झाला. दरडीच्या नकाशात तळिये असेल, पुराच्या नकाशात महाड असेल. पण दरड कोसळलेल्या गावाची वाट पुराखाली जाईल, हे दोन्ही नकाशे एकावर एक ठेवल्याशिवाय दिसत नाही.

असे प्रयत्न झाले आहेत. जागतिक बँक आणि कोलंबिया विद्यापीठाने २००५ साली भूकंप, ज्वालामुखी, दरडी, पूर, वादळे आणि दुष्काळ एकत्र घेऊन जगभराच्या जोखमीचा आढावा प्रसिद्ध केला. आपल्याकडे १९९७ च्या आपत्तिप्रवणता अॅटलासने धोक्यांच्या जोडीला भिंती आणि छपरे कशाची आहेत, याचीही जिल्हावार नोंद दिली. हे मला मोलाचे वाटते, कारण जोखीम जितकी निसर्गात असते तितकीच गरिबाच्या भिंतीतही असते.

पण जिल्हा हे माप फार मोठे आहे. दरड एका उतारावर येते, पाणी एका नाल्यातून चढते. कुठला रस्ता आधी बुडतो, कुठल्या वस्तीत म्हातारी माणसे एकटी राहतात, हे ग्रामसभेला ठाऊक असते. विकसनशील देशांत मोजमापाची साधने तोकडी असतात, म्हणून ही माहिती नकाशात यायलाच हवी. आणि घरकुल मंजूर करताना ग्रामसेवकासमोर जागेच्या उताऱ्याबरोबर त्या जागेवरचे सगळे धोके दाखवणारा एकच कागद असावा. नकाशाचा खरा उपयोग पाया खणण्याआधीच असतो.