छप्पर नसलेल्या गाडीची बाजू

“अहो, छपराशिवायची गाडी म्हणजे निव्वळ चैन. आपल्या हवेत आणि आपल्या देशात तिचं काय काम?” सीबीडी बेलापूरला संध्याकाळी सोबत फिरायला येणारे एक स्नेही असं म्हणाले आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. विषय निघाला होता फियाट १२४ स्पोर्ट स्पायडरचा. दोन दारांची, टप मागे टाकता येणारी ही छोटी इटालियन गाडी मला फार आवडते. स्नेही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांचा आक्षेप उथळ नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

फियाटशी आपलं नातं काय, हे मुंबईच्या माणसाला सांगायला नको. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ल्याचा कारखाना, पद्मिनी, काळी-पिवळी टॅक्सी आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सीला मिळालेला निरोप, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. १२४ ची कुळकथा मात्र त्यामानाने कमी सांगितली जाते. १९६६ मध्ये फियाटने १२४ नावाची चार दारांची, चौकोनी, घरगुती गाडी काढली. पुढच्याच वर्षी ती युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. स्पेनमध्ये सेआतने ती बनवली. सोव्हिएत संघात तोल्यात्ती इथे १९७० पासून तिचाच अवतार तयार होऊ लागला आणि लाडा या नावाने जगभर गेला. आणि १९८५ मध्ये, पोटात निसानचं इंजिन घेऊन, ती भारतात ‘प्रीमियर ११८ एनई’ म्हणून बाहेर पडली. आपल्यापैकी अनेकांचे वडील किंवा काका त्या गाडीत बसले असतील.

स्पायडर ही याच साध्या गाडीची बहीण. नोव्हेंबर १९६६ मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली. तिचं रूप पिनिनफारिना या गाड्या रेखाटणाऱ्या संस्थेत टॉम जार्डा या अमेरिकेत जन्मलेल्या रचनाकाराने रेखाटलं. चारदारी १२४ च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,४२० मिलिमीटर होतं, स्पायडरसाठी ते २,२८० वर आणलं. मागची दारं गेली, मागची ऐसपैस बैठक गेली, पत्र्याचं छप्पर गेलं. इंजिन घडवलं ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी. फेरारीची मोठी इंजिनं ज्यांच्या हातून झाली होती, तेच हे लाम्प्रेदी. त्यांनी घरगुती १२४ चाच इंजिन ब्लॉक घेतला आणि त्यावर दोन कॅमशाफ्टचं नवं हेड बसवलं. ही गाडी १९८५ पर्यंत बनत राहिली. म्हणजे इटलीत स्पायडर थांबली त्याच वर्षी तिची घरगुती बहीण भारतात अवतरली.

वस्तूंकडे पाहताना मी नेहमी एक फरक करतो. काही वस्तू भर घालून चांगल्या होतात, काही वजा करून. चैन नेहमी भर घालत जाते: आणखी गादी, आणखी काच, आणखी गारवा, आणखी वजन. आनंद पुष्कळदा वजाबाकीतून येतो. स्पायडर मला आवडते ती तिच्यातल्या वजाबाकीमुळे. दुकानदार, कारकून, मास्तर यांच्यासाठी घडवलेल्या गाडीतून नको ते काढलं आणि उरलं त्यात वारा शिरला. तिला चैन म्हणणं मला म्हणूनच खटकलं.

स्नेह्यांचे आक्षेप दोन. पहिला हवेचा. आपल्याकडे चार महिने पाऊस, चार महिने ऊन, टप उतरवणार कधी? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी जरा मागे जायला हवं. मुंबईच्या रस्त्यांवर मोटार येण्याआधीपासून व्हिक्टोरिया धावत होती. घोड्याच्या त्या गाडीला मागे दुमडणारा टप असे. पाऊस आला की गाडीवान तो वर ओढी, संध्याकाळी चौपाटीवर हवा खायला निघालेलं कुटुंब तो खाली टाकायला सांगे. मुंबईच्या पावसातच ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंद करायला सांगितली, ती घोड्यांच्या हालांमुळे. ते योग्यच झालं. पण त्या निकालात टपाचा दोष कुठेच नव्हता. उघडझाप करणारं छप्पर या हवेला मानवतं, हे व्हिक्टोरियाने केव्हाच सिद्ध केलेलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. गरीब देशाने आधी गरज भागवावी, मग मौज. परवान्यांच्या काळात कुर्ल्याच्या कारखान्याला नवी गाडी काढणंसुद्धा सोपं नव्हतं, तिथे दोन माणसांची उघडी गाडी कोण मागणार? पुढे गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, रेनोच्या छोट्या इंजिनावर चालणारी दोन आसनांची उघडी गाडी निघाली, तीही फार थोड्यांनी घेतली. इथे मी स्नेह्यांना अर्धं मानतो. गरज आधी, हे खरंच. पण गरज भागवताना आनंद वगळलाच पाहिजे, हे कुणी ठरवलं? त्याचं उत्तर आमच्या बेलापुरातच उभं आहे.

सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज ही घरांची वसाहत. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी आखली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर ती उभी राहिली. सुमारे साडेपाचशे कुटुंबं. भूखंड लहान, ४५ ते ७५ चौरस मीटरचे. सात घरं एका अंगणाभोवती, अंगण साधारण आठ मीटर लांब आणि तेवढंच रुंद. अशा तीन गटांमध्ये मिळून आणखी एक मोठं अंगण. प्रत्येक घर स्वतंत्र, शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही, म्हणजे पैसे हातात येतील तसं ज्याने त्याने वाढवावं. बांधायला साधे गवंडी पुरेत. कोरियांचा आग्रह होता की उष्ण प्रदेशात आकाशाखालची जागा हीदेखील खोलीच असते, आणि ती बांधायला जवळपास काही खर्च येत नाही. अल्प उत्पन्नाच्या माणसालाही ती परवडते, किंबहुना त्यालाच तिची सर्वांत जास्त गरज. घराच्या नकाशातली ही वजाबाकी आणि स्पायडरमधली वजाबाकी मला एकाच वृत्तीच्या वाटतात.

इथपर्यंत मी स्पायडरचा वकील होतो. पण बेलापूर स्थानकाबाहेर उभं राहिलं की माझ्या वकिलीला धक्का बसतो. तिथे ओळीने रिक्षा उभ्या असतात. आपली रिक्षा मुळात इटालियनच. कोराडिनो दास्कानिओ यांनी आधी व्हेस्पा घडवली आणि १९४८ मध्ये पियाज्जोने तिच्यावरून ‘आपे’ ही तीनचाकी काढली. १९६० च्या सुमारास पियाज्जोचा परवाना बजाजकडे आला आणि पुण्याजवळ आकुर्डीला स्कूटर आणि रिक्षा बनू लागल्या. रेक्झिनचा टप, बाजूला दार नाही, पावसात सोडायला पडदा. छोटी, उघडी, इटालियन वंशाची गाडी आपल्या हवेत चालते का, या प्रश्नाचं उत्तर रोज लाखो माणसं तीत बसून देत असतात. मग स्पायडरसाठी माझा जो दावा होता, वजाबाकीतून आनंद, तो रिक्षाच जास्त खरा करते. स्पायडरमध्ये वजाबाकीइतकीच भरही आहे: नव्वद अश्वशक्ती, पाच गिअर, आणि एवढं सगळं दोन माणसांसाठी.

पण रिक्षात बसणारा आनंदात असतो का? सायन-पनवेल महामार्गावर रिक्षा थांबली की प्रवासी नाकाला रुमाल लावतो. चालकाला रुमालाचीही सवड नसते. दिवसभर तो ट्रकच्या धुराला तोंड देतो. बांधकामांची धूळ आहे, पारसिकच्या डोंगरात वर्षानुवर्षं चाललेल्या दगडखाणींनी तर एक पिढी धुळीत काढायला लावली. पामबीच रस्त्यावर खाडीचा वारा येतो तेव्हा तीच रिक्षा सुखाची होते. गाडी तीच, हवा वेगळी. इथे माझं मत बदललं. उघडेपणा हा गाडीचा गुण आहे असं मी समजत होतो. तो शहराचा गुण आहे. काच वर करून बसलेल्याला बाहेरची हवा कशी आहे याचं सोयरसुतक राहत नाही. त्याने आपल्यापुरती हवा विकत घेतलेली असते. उघड्यावर चालणारा, स्कूटरवाला, रिक्षावाला यांना बाहेर जे आहे तेच श्वासात घ्यावं लागतं. स्नेही म्हणाले की आपल्या हवेत उघड्या गाडीचं काम नाही. ते खरं असेल तर तो निकाल गाडीविरुद्ध लागत नाही, हवेविरुद्ध लागतो. आणि त्या हवेतच आपली बहुसंख्य माणसं रोज प्रवास करतात.

म्हणून स्पायडरबद्दल माझी मागणी आता मोठी नाही. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी त्या जपाव्यात, प्रदर्शनात आणाव्यात, मुलांना बॉनेट उघडून लाम्प्रेदींची कारागिरी दाखवावी. २०१५ मध्ये महिंद्रा समूहाने पिनिनफारिना विकत घ्यायचा करार केला. स्पायडरचं रूप जिथे रेखाटलं गेलं, ती संस्था आज मुंबईच्या समूहाकडे आहे. या समूहाने आणि आपल्या इतर कारखानदारांनी त्या हातांना एकदा रिक्षाचं काम सांगावं, असं मला मनापासून वाटतं. विजेवर चालणारी, हलकी, बसायला नीट, पावसात न भिजवणारी आणि उन्हाळ्यात वारा अडवणार नाही अशी रिक्षा. जगातल्या उत्तम उघड्या गाड्या ज्यांनी रेखाटल्या, त्यांच्या कसबावर रोजच्या प्रवाशाचा पहिला हक्क आहे.

आणि बेलापूरकरांकडे, सिडकोकडे आणि महापालिकेकडे एक मागणी. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये जुन्या घरांच्या जागी मजले चढत आहेत. घरं वाढावीत, कोरियांनीच ती मुभा ठेवली होती. पण सात घरांमधलं अंगण पत्रे टाकून झाकू नका, गाड्या लावून भरू नका. बांधकामांभोवती जाळी लावायला लावा, रस्त्यावरची माती वेळेवर उचला. उघड्यावर बसणाऱ्या माणसाला स्वच्छ हवा मिळणं हा त्याचा हक्क आहे आणि तो मागायची जबाबदारी काचेआड बसणाऱ्यांचीही आहे.