बुरुजाचा हिशेब आणि कॉफीचे यंत्र



धायरीतल्या काही घरांत आता ओट्यावर एस्प्रेसोचे यंत्र दिसू लागले आहे. सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून दमून आलेल्या माणसाने घरी चांगली कॉफी प्यावी, यात वावगे काही नाही. पण पंधरा-वीस हजारांचे यंत्र नीट चालत असताना लाखाच्या वरचे घ्यावे का, असा प्रश्न पडतो तेव्हा थोडे थांबायला हवे.

बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे उदाहरण प्रभू येशूने दिले आहे (लूक 14:28). ते शिष्यत्वाविषयी आहे, ओट्यावरच्या वस्तूंविषयी नाही. पण आधी बसण्याची सवय दोन्हीकडे लागते.

तर बसून पाहू. महागडे यंत्र पाण्याचे तापमान स्थिर ठेवते. त्यात दोन बॉयलर असतील तर कॉफी उतरत असतानाच दुधासाठी वाफ मिळते. साध्या यंत्रात कॉफी काढून वाफेसाठी जरा थांबावे लागते. सकाळी दोनच कप होतात त्या घरात आपण मुख्यतः हे थांबणे टाळण्याचे पैसे मोजतो. चव बिघडते ती बहुधा शिळ्या बियांमुळे नाही तर ओबडधोबड दळण्यामुळे. तिथे आधी चांगला ग्राइंडर घ्यावा. शिवाय बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे क्षार महागड्या यंत्रातही साचतातच. (काप्पुचिनो हे नाव कापुचिन संन्याशांच्या तपकिरी झग्यावरून पडले. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या त्या बंधूंना आपला हा हिशेब ऐकून हसू आले असते.)

मात्र स्वस्त तेच पुण्याचे, असे आम्ही म्हणणार नाही. बेथानीत मरियेने प्रभूच्या पायांना लावलेले सुगंधी तेल तीनशे दिनारांचे होते, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. गरिबांचे नाव पुढे करून कुरकुर केली ती यहूदाने (योहान 12). प्रेमापोटी केलेला तो खर्च प्रभूने नाकारला नाही. म्हणून रविवारच्या मिस्सानंतर ज्या घरी आठ-दहा माणसे जमतात, तिथे दोन बॉयलरचे यंत्र उधळपट्टी ठरेलच असे नाही.

पण त्याच ओट्याशी भांडी घासणाऱ्या ताईंना त्या यंत्रातली कॉफी मिळते का? की त्यांचा कप अजून वेगळाच ठेवलेला आहे? यंत्राची किंमत विचारण्याआधी आपण हे आपल्या घरात विचारू या.

मग नवरा-बायकोने एकत्र बसावे. हप्ता किती महिन्यांचा, त्या महिन्यांत मुलांची फी आणि आईवडिलांची औषधे कशी भागणार, हे कागदावर मांडावे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकण्याच्या वृत्तीबद्दल सावध केले होते. तेव्हा नवे घ्यायचे ठरलेच, तर जुने चालू यंत्र कोणाच्या घरी द्यायचे, त्याचे नावही त्याच कागदावर लिहावे.