मागून येणारी पावले

माउली, समजा नांदेडला किंवा लातूरला कॉलेजात शिकणारी तुमची नात एक इंग्रजी कविता घेऊन आली : फ्रान्सिस थॉम्पसनची ‘द हाउंड ऑफ हेवन’. नावाचा अर्थ विचारलात, तर ती सांगेल, स्वर्गातला शिकारी कुत्रा. आणि हा कुत्रा म्हणजे देव! तुम्ही कानांवर हात ठेवाल.

पण थोडे थांबा. नाथमहाराजांच्या भारुडातला विंचू आपण शेतात शोधत नाही. तो कामक्रोधाचा, हे आपल्याला कळते. मग परक्या भाषेलाच वेगळा न्याय का? रूपकात साधर्म्य जेवढे, तेवढेच घ्यावे. शिकारी कुत्रा एकदा माग लागला की सोडत नाही, एवढेच येथे घ्यायचे. कुत्रा तर फक्त शीर्षकात आहे. कवितेत ऐकू येतात ती मागून येणारी पावले. पळतो आहे तो माणूस. कवी स्वतः अफूच्या व्यसनात लंडनच्या रस्त्यांवर राहिलेला. १८९३ च्या त्याच्या संग्रहात ही कविता आहे.

आता आपल्या शेजारच्या नरसीचे नामदेवराय आठवा. कुत्र्याने पोळी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. त्यांना त्यात पांडुरंगच दिसला. तेथे रूपकही उरले नाही. तेथे देव पुढे, भक्त मागे. इंग्रजी कवितेत माणूस पुढे, देव मागे.

आपण यांपैकी कोण? नातीला अर्थ सांगण्याआधी हे स्वतःला विचारावे लागेल. रामकृष्णहरि.