हिशेबांतील सत्य

आंकडा खोटें बोलत नाहीं, अशी एक समजूत सुशिक्षित समाजांत फार दृढ आहे. शब्दाचा अर्थ ताणतां येतो, वाक्याचा रोख फिरवितां येतो. परंतु बेरीज ही बेरीजच, तिच्याशीं लबाडी करावयाची तर धडधडीत खोटें लिहावें लागेल, असें या समजुतीचें स्वरूप आहे. ही समजूत जितकी सोयीची तितकीच अपुरी आहे. आंकडा कधींच एकटा जन्मास येत नाहीं. काय मोजावयाचें, कोठून आरंभ करावयाचा आणि कोठें थांबावयाचें हें अगोदर कोणीतरी ठरविलेलें असतें. ठरविणें ही जशी बुद्धीची तशीच इच्छेचीही क्रिया आहे. आणि जेथें इच्छा आली तेथें नीतीचा प्रश्न आलाच. नुकतेंच आपले भाग लोकांस विकलेल्या एखाद्या कंपनीचा तिमाही हिशेब हा विषय वाङ्मयप्रिय वाचकांस रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि सत्य आणि असत्य यांच्या मधला जो अरुंद प्रदेश आहे, त्याचें दर्शन या हिशेबांत जितकें स्वच्छ घडतें तितकें इतरत्र क्वचितच घडत असेल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, हिशेबांत अंदाज शिरतो तो हिशेबनिसाच्या दुष्टपणामुळें नव्हे. लुका पाचोली यानें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या ग्रंथांत दुहेरी नोंदीची पद्धति विशद केली, त्या काळचे पुष्कळ व्यापारी एकेका सफरीपुरते भागीदार होत. गलबत परत आलें, माल विकला, पैसे वाटून घेतले, कीं वही मिटली. सर्व व्यवहार पुरे झाल्यावर केलेल्या बेरजेंत अंदाजास जागाच नसे. पुढें सतराव्या शतकांत कायमच्या भांडवलाच्या कंपन्या निघाल्या. त्यांची सफर कधीं संपेचना. मग वाहत्या नदीवर दोरी ताणून ‘या दोरीपर्यंतचें पाणी गेल्या वर्षाचें’ असें म्हणण्याची पाळी आली. दोरीवर कांहीं व्यवहार अर्धवट राहणारच. माल दिला आहे पण पैसे यावयाचे आहेत. पैसे आले आहेत पण माल परत येण्याचा संभव आहे. अशा वेळीं हिशेबनिसास भविष्याविषयीं बोलावेंच लागतें. वर्षाच्या ठिकाणीं तीन महिने घेतले कीं दोऱ्या चौपट होतात आणि अंदाजाचा वांटाही वाढतो. अंतरिम हिशेबांविषयींच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकांत हें स्पष्टच मान्य केलेलें आहे. विषयाच्या स्वभावांत जेवढा काटेकोरपणा बसतो तेवढाच सुज्ञानें त्याच्याकडून मागावा, हें ॲरिस्टॉटलचें मत येथें अगदीं लागू पडतें.

परंतु अंदाजाहूनही मूलगामी अशी एक गोष्ट आहे. तिला हिशेबाचें धोरण म्हणतात. अंदाज म्हणजे ठराविक मापानें घातलेला अदमास. धोरण म्हणजे माप कोणतें घ्यावयाचें याचा निर्णय. आपल्याकडे पायलीनें धान्य मोजण्याची चाल होती तेव्हां कोठें शीग लावून मोजीत, तर कोठें पायलीच्या कांठावरून हात फिरवून सपाट मोजीत. दोन्ही मापें प्रामाणिकच. कारण त्या बाजारांत कोणतें माप चालतें हें घेणारा जाणून असे. शीग दाखवून भाव ठरवावा आणि हातीं सपाट पायली पडावी, तेथें मात्र धान्याचा एकही दाणा न लपवितां फसवणूक होते.

अमेरिकेंत शिकागो येथें २००८ सालीं निघालेल्या ग्रूपॉन या कंपनीचा इतिहास या दृष्टीनें मनन करण्याजोगा आहे. तिचा धंदा समजण्यास सोपा होता. उपाहारगृहें, केशकर्तनालयें वगैरेंशीं ठराव करून ती सवलतीचीं कूपनें इंटरनेटवर विकी. ग्राहकाच्या पैशांतून आपला हिस्सा ठेवून घेई व उरलेली रक्कम दुकानदारास देई. समजा, ग्राहकानें २० डॉलर दिले आणि त्यांतले ११ दुकानदाराकडे गेले. कंपनीचें उत्पन्न २० म्हणावें कीं ९? भागविक्रीसाठीं जून २०११ मध्यें सरकारदरबारीं सादर केलेल्या माहितीपत्रकांत कंपनीनें पहिला पक्ष स्वीकारला होता, आणि त्याप्रमाणें तिचें २०१० सालचें उत्पन्न ७१ कोटी ३४ लक्ष डॉलर होतें. रोखेव्यवहारांवर देखरेख करणाऱ्या आयोगानें शंका काढल्या. त्या सप्टेंबरांत कंपनीनें दुसरा पक्ष पत्करला आणि तेंच उत्पन्न ३१ कोटी २९ लक्ष डॉलरांवर आलें. अर्ध्याहून अधिक उत्पन्न एका रेघेसरशीं नाहींसें झालें. आणि तरीही तिजोरींतला एक डॉलरही हलला नाहीं, त्या वर्षाचा तोटाही होता तेवढाच राहिला. शीग पुसली गेली, एवढेंच.

त्याच माहितीपत्रकांत कंपनीनें स्वतः घडविलेलें आणखी एक माप होतें. नवे ग्राहक मिळविण्यासाठीं केलेला जाहिरातखर्च व इतर कांहीं खर्च त्यांतून वगळलेले होते. या मापानें २०१० सालीं ६ कोटी ६ लक्ष डॉलरांची शिल्लक दिसे. रूढ पद्धतीनें पाहूं गेल्यास धंद्यांत ४२ कोटी डॉलरांचा तोटा होता. टीका झाल्यावर ऑगस्टांत हें माप माहितीपत्रकांतून काढून टाकण्यांत आलें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो दुर्बल नाहीं. आक्षेपक म्हणेल, ‘यांत असत्य तें कोणतें? दुकानदारांस किती रक्कम दिली हें लिहिलेलें होतें, तोटा लिहिलेला होता, नवें माप कसें बनविलें तेंही लिहिलेलें होतें. ज्यास वाचतां येतें त्यानें वाचावें.’ कायद्याच्या दृष्टीनें या उत्तरास वजन आहे. नीतीच्या दृष्टीनें मात्र तें पुरें पडत नाहीं. द्रोणाचार्यांस अश्वत्थाम्याच्या मृत्यूची वार्ता सांगतांना धर्मराजानेंही हत्तीचा उल्लेख गाळला नव्हता. त्यानें तो हळू आवाजांत केला होता. वाक्य पुरें होतें, परंतु ऐकणाऱ्याच्या कानांवर त्याचा कोणता भाग पडेल हें बोलणारा जाणून होता. आणि तेवढ्यावरून त्याचा रथ भुईला लागला, असें महाभारतकारानें सांगितलें. हिशेबाच्या शेवटीं बारीक अक्षरांत ज्या टिपा असतात त्या या हळू आवाजाच्या जागा होत. नफा नसलेल्या तरुण कंपनीची किंमत लोक तिच्या वाढत्या उत्पन्नावरून करतात. म्हणजे सर्व भार ज्या एका ओळीवर पडणार, नेमकी तीच ओळ शिगेची होती. सांगणाऱ्याचें कर्तव्य ‘मी सांगितलें होतें’ एवढ्यानें पुरें होत नाहीं. जें सांगितलें त्यांतून ऐकणारा काय समजेल, याचीही जबाबदारी त्याच्यावर आहे.

ही जबाबदारी कंपनी सार्वजनिक होतांच शतपट होते. जोंवर भागीदार पांच-दहा असतात तोंवर ते दुकानाची अंतर्बाह्य माहिती असलेले असतात. संशय आला तर समोरासमोर विचारतात. भाग बाजारांत आल्यावर वही अनोळखी माणसांच्या हातीं जाते. निवृत्तिवेतनाची पुंजी गुंतविणारा शिक्षक किंवा मुलीच्या शिक्षणासाठीं पैसे साठविणारी विधवा यांस कोठीघरांत शिरून पायली पाहतां येत नाहीं. म्हणून सार्वजनिक कंपनीनें जाहीर केलेलें हिशेबाचें धोरण हें अनोळखी माणसास दिलेलें वचन होय. ‘आम्ही या मापानें मोजतों, आणि पीक बुडालें तरी याच मापानें मोजूं’, असा त्याचा अर्थ आहे.

आतां अंदाजाची गोष्ट. नोव्हेंबर २०११ मध्यें ग्रूपॉननें २० डॉलर भावानें भाग विकून ७० कोटी डॉलर उभे केले. सार्वजनिक झाल्यानंतरचा तिचा पहिला तिमाही निकाल ८ फेब्रुवारी २०१२ रोजीं प्रसिद्ध झाला, आणि ३० मार्च रोजीं तो दुरुस्त करावा लागला. तिमाहीचें उत्पन्न १ कोटी ४३ लक्षांनीं घटून ४९ कोटी २२ लक्ष डॉलर झालें. तोटा २ कोटी २६ लक्षांनीं वाढून ६ कोटी ५४ लक्षांवर गेला. असमाधानी ग्राहकांस पैसे परत देण्याचें वचन कंपनीनें दिलें होतें. त्या तिमाहींत अधिक किंमतीच्या कूपनांचें प्रमाण वाढलें. अशीं कूपनें परत येण्याचें प्रमाणही अधिक असतें, आणि केलेली तरतूद अपुरी ठरली. हिशेबावरील आपल्या अंतर्गत नियंत्रणांत महत्त्वाची उणीव असल्याचेंही कंपनीनें त्याच वेळीं जाहीर केलें.

चुकलेला अंदाज म्हणजे असत्य नव्हे, हें येथें निक्षून सांगितलें पाहिजे. पाऊस पडेल म्हणणारा जोशी पाऊस न पडल्यास खोटारडा ठरत नाहीं. शिवाय तरुण कंपनीस भूतकाळच नसतो. तीन वर्षांपूर्वीं जन्मलेल्या धंद्यांत नव्या प्रकारच्या मालापैकीं किती परत येईल हें सांगण्यास पुरेसा अनुभव कोठून आणावयाचा? परंतु याच युक्तिवादांतून एक कर्तव्य निघतें. ज्याचा अनुभव तोकडा त्याचा आवाजही तितकाच संकोचलेला असावा. अज्ञान हा दोष नसला तरी अज्ञानाच्या पोटीं आलेला आत्मविश्वास हा दोष आहे. विशेषतः त्या आत्मविश्वासाच्या भरंवशावर दुसरा आपले पैसे ठेवीत असतो तेव्हां.

मग प्रामाणिक हिशेबाची कसोटी कोणती? केवळ आंकडा पाहून ती लावतां येत नाहीं. अनेक तिमाह्या शेजारीं ठेवून मगच ती लागते. माप निकालाच्या अगोदर ठरलें होतें कीं निकाल पाहून, हें प्रथम पाहावें. ज्या तिमाहींत तें माप गैरसोयीचें ठरलें त्या तिमाहींतही तें तसेंच राहिलें काय, हें त्यानंतर पाहावें. आणि चुका कोणत्या बाजूस पडतात हें शेवटीं पाहावें. प्रामाणिक माणसाचा अंदाज कधीं स्वतःच्या हिताच्या बाजूस चुकतो, कधीं विरुद्ध बाजूस. ज्याची प्रत्येक चूक त्याच्याच पदरांत दाणे टाकते त्याच्या हातांत नसला तरी मनांत कांहींतरी दोष आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

हा प्रश्न दूरदेशींचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. २०२१ सालीं झोमॅटोसारख्या, तोट्यांत असलेल्या इंटरनेटवरील कंपन्यांचे भाग मुंबईच्या बाजारांतही आले, आणि मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनींही ते घेतले. आपल्याकडे बहुतेक तिमाही निकाल पंचेचाळीस दिवसांत प्रसिद्ध करावे लागतात, आणि त्यांवर हिशेबतपासनिसाची नजर असते ती मर्यादित पाहणीची; वार्षिक तपासणीइतकी ती खोल नसते. धनी म्हणून विकलें कीं दलाल म्हणून, हा भेद १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या भारतीय लेखामानक ११५ मध्यें सविस्तर सांगितला आहे. ग्राहकाच्या हातीं जाण्यापूर्वीं वस्तूवर ताबा कोणाचा होता, हा त्यांतला मुख्य प्रश्न. कंपन्यांनीं स्वतः घडविलेलीं मापें माहितीपत्रकांत कशीं मांडावीं याविषयीं सेबीनें २०२२ सालीं नियम केले. हें सर्व स्वागतार्ह आहे. तरीही नियम शीग पुसूं शकतो. पायली किती दाबून भरावी हें शेवटीं भरणाराच जाणतो. प्रत्येक नव्या धंद्याबरोबर एक नवा अर्धवट व्यवहार जन्मास येतो आणि नियम त्याच्या मागून चालत येतो. मधल्या काळांत वही लिहिणाऱ्याचा विवेक एवढाच काय तो पहारेकरी असतो.

तेव्हां भाग घेणाऱ्यानें आधीं शेवटच्या पानावरच्या टिपा वाचाव्या आणि मग पहिल्या पानावरचा आंकडा पाहावा, इतका व्यावहारिक उपदेश करून आम्हांस थांबतां आलें असतें. परंतु सर्व भार वाचणाऱ्यावर टाकणें न्यायाचें नाहीं. लिहिणाऱ्यानेंही स्वतःस एक प्रश्न विचारावा: माझा हिशेब वाचून ज्यानें भाग घेतला, त्यास उद्यां माझी संपूर्ण वही उघडून दाखविली, तर त्यास आश्चर्य वाटेल काय? वाटणार असेल, तर आजच्या हिशेबांत कांहींतरी हळू आवाजांत बोललें गेलें आहे; आणि तें मोठ्यानें बोलण्यास पुढच्या तिमाहीची वाट पाहण्याचें कारण नाहीं.