खेळातला चोर आणि खेळाचा पंच



सुट्टीच्या दिवसांत पालक आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारतात: मुलगा संगणकावर बँका लुटतो, पोलिसांवर गोळ्या झाडतो, हे पाप नव्हे का? प्रश्न योग्य आहे. पण तो जिथे थांबतो, तिथूनच खरा विचार सुरू होतो असे आम्हाला वाटते.

हे खेळ आधी समजून घेऊ. २०१३ साली आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या खेळात लॉस सँटोस नावाचे काल्पनिक शहर आहे. ते लॉस एंजेलिसवर बेतलेले आहे. पुढे खेळाडूंनी या शहराचे स्वतःचे सर्व्हर उभारले. तिथे कोणी टोळीचा म्होरक्या होतो, कोणी हवालदार, कोणी रुग्णवाहिकेचा चालक, आणि माइकवर बोलत तासन् तास ती भूमिका वठवतो. भारतातही असे सर्व्हर चालतात. जिथे गुन्हेच करायचे तिथे नियम कसले, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात नियमांची यादी चांगली लांबलचक असते. कारणाशिवाय कोणाला मारायचे नाही. बंदूक रोखली गेली तर जिवाची भीती असल्यासारखेच वागायचे. दुसऱ्याचे थेट प्रक्षेपण पाहून तो कुठे लपला आहे हे आपल्याला कळले, तरी आपल्या पात्राला ते ठाऊक नाही असे धरायचे. पकडले जाण्याची वेळ आली म्हणून मध्येच खेळ बंद करून पळायचे नाही. थोडक्यात, चोरी चालते, लबाडी चालत नाही.

आपण उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य बसवतो. त्यात यहुदा झालेला तरुण विश्वासघात करीत नाही, हे लहान मूलही जाणते. पण सैनिक झालेल्याने बांधावरच्या जुन्या भांडणाचा राग धरून चाबूक खरोखरच ओढला तर? वेष तोच, संवाद तेच. मार मात्र पात्राला न बसता माणसाला बसला. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात खेळ ही मनाची आवश्यक विश्रांती मानली, परंतु शेजाऱ्याला अपाय करणाऱ्या शब्दांत वा कृतीत ती शोधू नये, अशी अट घातली.

ही अट संगणकाच्या पडद्यावरही लागू होते. १९९३ साली ज्युलियन डिबेल यांनी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात ‘लॅम्ब्डामू’ नावाच्या आभासी घराची हकिकत लिहिली. तिथे चित्रे नव्हती, नुसते शब्द. एका पात्राने दुसऱ्या पात्रांच्या अब्रूवर शब्दांनी घाला घातला, आणि कित्येक मैलांवर आपल्या घरी बसलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यांतून खरे अश्रू वाहिले. लोकांनी सभा घेतली, निर्णय झाला नाही. शेवटी अधिकार असलेल्या एकाने एकट्यानेच ते पात्र पुसून टाकले. पुढे संस्थापक पॅव्हेल कर्टिस यांनी अर्ज आणि मतदान यांची पद्धत घालून दिली. अपराध खरा होता याबद्दल आम्हाला शंका नाही. तरीही एकट्याने दिलेली ती शिक्षा आम्हाला टोचते.

आजच्या सर्व्हरवर हेच काम मॉडरेटर करतात. ते बहुधा बिनपगारी असतात, आणि पुष्कळदा वयाने अगदी कोवळे. एखादा खेळाडू मुलीचा आवाज ऐकून घाणेरडे बोलतो, कोणाची जात काढतो, आणि तक्रार झाली की म्हणतो, ‘माझे पात्रच तसे आहे.’ पात्र गुंड असू शकते. पण ती शिवी ऐकणारे कान पात्राचे नसतात. इथे मॉडरेटरने डगमगू नये. बाकीचे तंटे मात्र इतके सोपे नसतात. पुरावा म्हणून अर्ध्या मिनिटाची चित्रफीत येते. तिच्यात गोळी दिसते, त्याआधीची धमकी दिसत नाही. ज्याच्याकडे चांगला संगणक आणि चित्रीकरण, त्याची बाजू भक्कम. गरिबाच्या पोराकडे नुसता शब्द. न्यायशास्त्राचा जुना दंडक दोन्ही बाजू ऐकायला सांगतो, आणि तो इथे रात्री दीड वाजता, झोपेने डोळे मिटत असताना पाळायचा असतो.

शिवाय मॉडरेटर स्वतःही खेळत असतो, त्याचीही टोळी असते. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये फलंदाजी करणाऱ्या संघाचाच पोरगा पंच होतो. पायचीत म्हणून तो कधी बोट वर करतो का? आपल्याच टोळीची तक्रार आली तर ती दुसऱ्या मॉडरेटरकडे सोपवावी, एवढा नियम तरी हवाच.

तेव्हा पालकांनो, मुलाने किती बँका लुटल्या हे एकदा बाजूला ठेवा. तो मॉडरेटर असेल तर विचारा, बंदी घातलेल्या मुलाचे म्हणणे कोणी ऐकले? किती दिवसांची बंदी, आणि ती कशावरून ठरली? त्याने परत घेण्याची विनंती लिहिली, तर ती बंदी घालणाराच वाचतो की दुसरा कोणी?